तुमची 'चिनी' संगीन: ओळखायची कशी, जमवायची कशी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. ओहायोत एका जुन्या घरातल्या सामानाच्या विक्रीत तुम्हाला दोन वस्तू मिळाल्या. एक लाकडी मुठीची, लांब पात्याची संगीन, म्यान नसलेली. विकणाऱ्या बाईंनी सांगितले की त्यांच्या वडिलांनी ती कोरियाच्या युद्धातून आणली आणि ती एका चिनी सैनिकाची होती. दुसरी वस्तू म्हणजे मूठच नसलेला, पन्हळी पाडलेला पोलादी सुळा. या दोन्ही खरोखर चिनी आहेत का, चिनी लष्करी संगिनी जमवायच्या तर सुरुवात कुठून करायची, आणि दिवाळीत पुण्याला जाताना लांब संगीन बाबांना दाखवायला नेता येईल का, असे तुम्ही विचारले आहे.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. नेऊ नका. भारताच्या २०१६ च्या शस्त्र नियमांत धारदार शस्त्रांच्या यादीत तलवार, खंजीर यांच्याबरोबर संगिनीचे नाव स्पष्ट लिहिलेले आहे, आणि १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवान्याशिवाय शस्त्र देशात आणता येत नाही. 'जुनी आहे, शोभेची आहे, धार नाही' हे विमानतळावर समजावत बसण्यात काही अर्थ नाही. बाबांना चांगले फोटो दाखवा. माझ्या वडिलांना मी अमेरिकेतून एकेका संगिनीचे फोटो मोठे छापून पाठवायचो, आणि ते भिंग घेऊन तासन्‌तास बघत बसायचे.

आता मूळ विषय. 'चिनी संगीन' या दोन शब्दांत तीन वेगळे प्रश्न दडलेले असतात: ती बनली कुठे, बसते कोणत्या रायफलीवर, आणि वापरली कोणी. हे तीन प्रश्न वेगळे ठेवलेत तर निम्मी ओळख तिथेच होते. विकणारा बहुतेक वेळा तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देत असतो आणि आपण ते पहिल्याचे उत्तर समजून पैसे मोजतो. जर्मन, जपानी किंवा ब्रिटिश संगिनीत ही तिन्ही उत्तरे बहुधा एकच निघतात. चीनमध्ये ती क्वचितच एक असतात. त्या देशाने शंभर वर्षांत विकत घेतलेली, नक्कल केलेली, शत्रूकडून हिसकावलेली आणि शेवटी स्वतः घडवलेली अशी सगळ्या प्रकारची शस्त्रे वापरली. मला हा विषय धरून ठेवतो तो याच कारणाने. एक संगीन हातात घेतली की तिच्यात दोन-तीन देशांचा इतिहास असतो.

तुमच्या लांब संगिनीकडे वळू. शेजारी फूटपट्टी ठेवून फोटो काढलात हे फार बरे केलेत. पाते ४० सेंटिमीटर, एकूण लांबी ५१ च्या थोडी वर, मुठीपाशी आडपट्टीचे खालचे टोक पुढे आकड्यासारखे वळलेले, आणि मुठीच्या टोकाला बाजूने दाबायचे बटण. ही जपानची ३० प्रकारची संगीन आहे. मेजी राजवटीचे ३० वे वर्ष म्हणजे १८९७, त्यावरून हे नाव पडले. जपानी सैन्याच्या अरिसाका रायफलींसाठी ती दुसरे महायुद्ध संपेपर्यंत बनत राहिली. आकडा असलेली, पात्यावर पन्हळ असलेली, स्क्रूने बसवलेल्या मुठीची असेल तर ती आधीची. युद्धाच्या शेवटी पोलाद, वेळ आणि माणसे सगळेच कमी पडू लागले, तेव्हा आकडा गेला, पन्हळ गेली, मुठीला रिव्हेट आले, म्यान लाकडी झाले. तुमची आधीच्या धाटणीची आहे.

म्हणजे बाईंचे वडील चुकले का? तसे मी म्हणणार नाही. १९४५ मध्ये जपान शरण आला तेव्हा चीनच्या भूमीवर जपानी शस्त्रांचे अक्षरशः ढीग मागे राहिले. १९५० च्या हिवाळ्यात कोरियात उतरलेल्या चिनी तुकड्यांकडे त्यातल्याच जपानी रायफली, शिवाय जर्मन धर्तीच्या जुन्या माउझर रायफली आणि च्यांग कै-शेकच्या राष्ट्रवादी सैन्याकडून मिळालेली अमेरिकी शस्त्रे अशी सरमिसळ होती. तेव्हा जपानी बनावटीची, चिनी सैनिकाच्या हातची, अमेरिकी सैनिकाने घरी आणलेली संगीन ही अगदी शक्य कोटीतली गोष्ट आहे. पण पॅसिफिकमधल्या बेटांवरूनही अमेरिकी सैनिकांनी याच संगिनी मोठ्या संख्येने घरी आणल्या, आणि नुसत्या पात्यावरून यातली कोणती कुठली हे ठरत नाही. बाईंना पुन्हा फोन करा. वडिलांची तुकडी कोणती, कोरियातला एखादा फोटो, घरी लिहिलेले पत्र, काही असेल तर त्याची प्रत मागून घ्या. त्या एका कागदाने ही संगीन माझ्या दृष्टीने तिप्पट मोलाची होईल.

संगिनीवरही शोधा. आडपट्टीची दोन्ही अंगे, मुठीचे टोक आणि मुठीचे लाकूड तिरप्या उजेडात धरून पाहा. चिनी हातात गेलेल्या वस्तूवर कधीकधी हाताने कोरलेले आकडे सापडतात. चिनी आकडे ओळखायला एक संध्याकाळ पुरते. एक म्हणजे एक आडवी रेघ, दोन म्हणजे दोन, तीन म्हणजे तीन. दहा म्हणजे आपले अधिकाचे चिन्ह. आठ म्हणजे छपरासारख्या उतरत्या दोन रेघा, वर एकमेकींना न टेकलेल्या. जुना आडवा मजकूर उजवीकडून डावीकडे वाचायचा हे मात्र विसरू नका. माझ्याकडच्या एका म्यानावरचा क्रमांक मी दोन वर्षे उलटा वाचत होतो. हेच आकडे जपानीतही चालतात, म्हणून नुसता आकडा सापडला की वस्तू चिनी असे धरू नका. मूठ नंतर बदललेली दिसते का, लाकूड वेगळ्या जातीचे आहे का, जपानी कारखान्याचा ठसा कानशीने घासून काढला आहे का, अशा खुणा जास्त बोलक्या असतात.

याच ३० प्रकारच्या संगिनीत एक गुंतागुंत आहे आणि ती मला फार आवडते. मुकडेन, म्हणजे आजचे शेनयांग, इथे चांग त्सो-लिन या सरदाराने मोठा शस्त्रकारखाना उभारला होता. तिथे माउझर आणि अरिसाका यांचे गुण एकत्र केलेली स्वतःची रायफल बनत असे. १९३१ मध्ये जपानने मांचुरिया घेतला आणि कारखानाही घेतला. पुढे तिथे जपानी सैन्यासाठी ३० प्रकारच्या संगिनी बनू लागल्या. मग १९४५ नंतर त्याच संगिनी चिन्यांच्या हाती आल्या. आता मुकडेनचा ठसा असलेली संगीन चिनी म्हणायची की जपानी? चिनी भूमीवर, चिनी कारखान्यात, जपानी ताब्यात, जपानी रायफलीसाठी बनलेली आणि शेवटी चिनी सैनिकाने वापरलेली! माझ्या नोंदवहीत तीन रकाने आहेत ते यासाठीच. अशी वस्तू कपाटात कुठल्या फळीवर ठेवायची हा प्रश्न दुय्यम आहे.

या सगळ्या काळाशी आपला एक जवळचा धागाही आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले, उत्तर चीनमध्ये कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेच्या जखमींवर उपचार करत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ ला तिथेच वारले. ज्या सैनिकांच्या जखमा त्यांनी शिवल्या, त्यांच्यासमोर हीच ४० सेंटिमीटरची पाती होती. जपानी ३८ प्रकारची रायफल आणि तिच्यावर ही संगीन मिळून लांबी साधारण १६६ सेंटिमीटर होते. समोरच्या चिनी सैनिकाकडे असली तर आखूड रायफल, आणि संगीन तर पुष्कळदा नसेच. १९३३ मध्ये चीनच्या भिंतीजवळच्या लढायांत चीनच्या २९ व्या सेनेचे सैनिक पाठीवर दादाओ नावाची रुंद पात्याची तलवार घेऊन लढले, त्यामागेही शस्त्रांचा हा तुटवडा होता. आठव्या मार्ग सेनेने १९४० मध्ये शान्शीच्या डोंगरातल्या हुआंगयादोंग इथल्या गुप्त कारखान्यात स्वतःची आखूड रायफल बनवली. तिला नाव दिले 'बा-यी', म्हणजे आठ-एक, अर्थात १ ऑगस्ट. १९२७ च्या नानचांग उठावाची तारीख. तिच्या नळीलाच दुमडणारी सुळ्यासारखी संगीन जोडलेली होती. संगीन हरवू नये, कमी पडू नये, यावर गरिबीतून निघालेला तो उपाय होता.

आता आकड्यांचा सापळा. नवा माणूस सर्वांत जास्त इथेच फसतो. '८१' म्हटले की १९४० ची ही बा-यी आणि १९८१ ची ८१ प्रकारची रायफल, दोन्ही येतात. यांच्या संगिनींचा एकमेकींशी काही संबंध नाही. '२४' हा त्याहून वाईट. चीन प्रजासत्ताकाचे सन १९१२ पासून मोजतात, म्हणून प्रजासत्ताक सन काढायला इसवी सनातून १९११ वजा करायचे. चीनची २४ प्रकारची रायफल, जी पुढे च्यांग कै-शेकच्या नावाने ओळखली गेली, ती १९३५ ची. आणि चेकोस्लोव्हाकियाची व्हीझेड-२४, जी चीनने मोठ्या संख्येने विकत घेतली, ती १९२४ ची. दोन्ही माउझर, दोन्ही चीनमध्ये, दोन्हींवर '२४', आणि संगिनी मात्र वेगळ्या. मुकडेनची १३ प्रकारची रायफल पुन्हा प्रजासत्ताक सनाची, म्हणजे १९२४ ची. त्याच्या उलट हानयांगच्या शस्त्रकारखान्याची ८८ ही जर्मन १८८८ च्या रायफलीवरून आली, म्हणून ते ८८ पाश्चात्त्य सनाचे. कुठलाही आकडा दिसला की आधी विचारायचे: हा कोणाच्या पंचांगातला?

हानयांगचा उल्लेख आलाच आहे तर थोडे थांबतो. चांग चि-तुंग या सुभेदाराने छिंग राजवटीच्या उतरत्या काळात हा कारखाना उभारला, १८९० च्या दशकात तिथे जर्मन धर्तीच्या रायफली बनू लागल्या, आणि १० ऑक्टोबर १९११ ला वूचांगला क्रांती पेटली तेव्हा क्रांतिकारकांनी सर्वांत आधी ताबा मिळवलेल्या ठिकाणांत तो होता. त्यानंतर सरदारांचा काळ आला. १९१९ ते १९२९ या दहा वर्षांत चीनला शस्त्रे विकायची नाहीत असा परदेशी सत्तांचा करार होता, तरी माल येत राहिला. त्यामुळे या काळात चीनमध्ये सापडणाऱ्या संगिनींना एक साचा नाही.

माउझर घराण्यातल्या संगिनी वेगळ्या करताना मी तीन गोष्टी बघतो. पहिली, रायफलीच्या नळीच्या तोंडाभोवती बसणारी कडी आहे की नाही. जर्मन एस-८४/९८ या संगिनीला पूर्ण कडी नसते. चेक व्हीझेड-२४ ला असते. दुसरी, पात्याची लांबी: एस-८४/९८ चे साधारण २५ सेंटिमीटर, व्हीझेड-२४ चे साधारण ३०. तिसरी, धारेची दिशा. बहुतेक संगिनींची धार रायफलीवर चढवल्यावर खाली, जमिनीकडे असते. चेक व्हीझेड-२४ ची धार वर, कडीच्या बाजूला असते. ही एक खूण लक्षात ठेवलीत तर टेबलावरच्या दहा संगिनींतून चेक संगीन तुम्ही हात न लावता काढाल. च्यांग कै-शेक रायफलीची चिनी संगीन दिसायला जर्मन वळणाची, पण पाते जर्मन संगिनीपेक्षा चांगलेच लांब. कारण उघड आहे. ती रायफल १११ सेंटिमीटरची, समोर जपानी १६६ सेंटिमीटरची जोडी. कमी पडलेली लांबी पात्यात भरून काढायची होती.

कडीचा आतला व्यास व्हर्निअर कॅलिपरने मोजा, आणि मुठीच्या टोकातली खाच किती खोल आहे तेही. मी आयुष्यभर टूलरूममध्ये काम केले, त्यामुळे हे मला आपोआप सुचते, पण वीस-पंचवीस डॉलरच्या कॅलिपरने कोणालाही जमते. ठसे खोटे पाडता येतात, मूठ बदलता येते, कहाणी तर काहीही रचता येते. नळीच्या मापात खोटेपणा करायचा तर संगीन रायफलीवर बसणारच नाही. ओळख पटवताना मी माप पहिल्यांदा, ठसा दुसऱ्यांदा आणि गोष्ट शेवटी घेतो.

हा क्रम मी एकदा मोडला. एका प्रदर्शनात एका विक्रेत्याकडे बारा किरणांच्या सूर्याचा, म्हणजे च्यांग कै-शेकच्या पक्षाच्या चिन्हाचा, ठसा असलेली 'हानयांगची' संगीन दिसली आणि मी भान विसरलो. घरी येऊन दहा पट भिंगाखाली ठसा पाहिला. पात्यावर जुन्या गंजाचे बारीक खड्डे होते, आणि ठशाची कड त्या खड्ड्यांना कापत, त्यांचे काठ दाबत गेली होती. म्हणजे गंज आधीचा, ठसा नंतरचा. खऱ्या जुन्या ठशात गंज ठशाच्या आतही उतरलेला असतो, कडा झिजून गोल झालेल्या असतात. शिवाय कडीतून माझ्याकडची माउझरची नळी जाईना. पात्यावर सगळीकडे सारखाच नारिंगी गंज होता, आम्लात बुडवल्यासारखा. खरा जुना गंज काळपट तपकिरी आणि विषम असतो, मुठीच्या सांध्यापाशी जास्त, तेलकट हात फिरलेल्या भागावर कमी. ती संगीन मी अजून ठेवली आहे आणि शिकायला येणाऱ्याच्या हातात सर्वांत आधी तीच देतो.

तुमचा सुळा आता. १९४९ नंतरच्या चिनी संगिनींचे मोठे वैशिष्ट्य म्हणजे त्या रायफलीलाच कायमच्या जोडलेल्या आणि दुमडणाऱ्या. त्यामुळे सुटी मिळणारी वस्तू ही कुठल्यातरी रायफलीवरून काढलेली असते. पहिल्यांदा पन्हळी मोजा. चार असतील तर ती ५३ प्रकारच्या कार्बाइनची (आखूड रायफलीची), म्हणजे सोव्हिएत १९४४ च्या मोसिन कार्बाइनच्या चिनी नकलेची. ही संगीन नळीच्या उजव्या अंगाला दुमडते. या कार्बाइनवर त्रिकोणात २६ असा ठसा असतो. तो छोंगछिंगच्या ज्या कारखान्याचा, तो हानयांगचाच वारस आहे. जपानी हानयांगपाशी आले तेव्हा १९३८ मध्ये यंत्रे सोडवून आतल्या प्रांतांत नेली, त्यातून पुढे हा कारखाना झाला, आणि नंतर त्याने मोटारसायकलीही बनवल्या.

पन्हळी तीन असतील, आणि फोटोत मला तीनच दिसतात, तर ती ५६ प्रकारची. चिनी माणसे तिला 'सानलंग' म्हणतात, म्हणजे तीन कडांची. पण ५६ हा आकडाही एकट्या रायफलीचा नाही: सोव्हिएत एसकेएसवरून घेतलेली कार्बाइन ५६, आणि कलाशनिकोव्हवरून घेतलेली रायफलही ५६. कार्बाइनवर सुरुवातीला सुरीसारखे पाते होते. १९६० च्या दशकाच्या मध्यात त्याजागी सुळा आला. अल्बानियाने बनवलेल्या एसकेएसवरही सुळाच होता, म्हणून सुट्या सुळ्याला डोळे मिटून चिनी म्हणता येत नाही. बिजागरीचा भाग, स्प्रिंग आणि कडी यांचे जवळून फोटो पाठवा, मी माझ्याकडच्या कार्बाइनशी जुळवून पाहतो. अमेरिकेत हे सुळे बरेच सापडतात, कारण व्हिएतनाममधून सैनिकांनी या कार्बाइन आठवण म्हणून आणल्या आणि नंतर १९९४ च्या बंदीपर्यंत त्या चीनमधून विक्रीसाठी मोठ्या प्रमाणात आल्या. आपल्याकडे या शस्त्रांची ओळख वेगळ्या वाटेने झाली: १९६२ ला समोरच्या चिनी सैनिकाच्या हातात, आणि १९७१ ला पाकिस्तानी सैन्याच्या हातात.

या तीन कडांच्या सुळ्याबद्दल तुम्हाला हमखास ऐकायला मिळेल की त्याची जखम शिवताच येत नाही, त्यावर विष लावलेले असते, आणि जिनिव्हा करारांनी त्यावर बंदी आहे. तिन्ही खोटे. अशा संगिनीवर बंदी घालणारे कलम जिनिव्हा करारांत नाही. तीन पन्हळी पाडल्या की कमी पोलादात, कमी वजनात पुरेसा ताठपणा येतो आणि बनवायला सोपे पडते, एवढाच हिशेब. जो विक्रेता ही गोष्ट सांगून भाव वाढवतो त्याच्याकडून दुसरे काहीही घेताना दुप्पट तपासा.

१९८१ ची ८१ प्रकारची रायफल आली तेव्हा चीन पुन्हा सुटी काढता येणाऱ्या, पात्याच्या संगिनीकडे वळला. १९९७ मध्ये हाँगकाँगच्या हस्तांतराच्या वेळी जगाला दिसलेल्या ९५ प्रकारच्या रायफलीबरोबर म्यानाला जोडून तार कापता येणारी सुरी-संगीन आली. या माझ्या आवडीच्या काळातल्या नाहीत, आणि बाजारात त्यांच्या हुबेहूब नकला इतक्या आहेत की सुरुवात तिथून करू नका.

सुरुवात ३० प्रकारच्या जपानी संगिनीनेच करा. ती तुमच्याकडे आलेलीच आहे. आधीची, मधली आणि युद्धाच्या शेवटची अशा तीन शेजारी ठेवल्यात की ठसे, मुठी, रिव्हेट हे सगळे डोळ्यांना सवयीचे होते, मग चिनी माउझरकडे जा. आणि कृपा करून ती घासू नका. पॉलिश पेपर, चिंच, व्हिनेगर काहीही नको. मऊ कापडावर हलके मशीन तेल घेऊन पुसा, सुटा गंज तेवढा येईल, बाकी तसाच राहू द्या. पुढे चामड्याचे म्यान किंवा पट्टा मिळाला तर पाते त्यात घालून ठेवू नका. चामडे ओल धरते आणि कमावतानाचे त्यातले आम्ल पोलाद खाते. वेगळे ठेवा, सोबत सिलिका जेलची पुडी.

मला पुढचे फोटो हवेत ते असे: आडपट्टीची दोन्ही अंगे, पाते मुठीला मिळते तिथला उजव्या बाजूचा ठसा, मुठीचे टोक वरून, आणि मुठीवरचे स्क्रू की रिव्हेट हे दिसेल इतका जवळून एक. फ्लॅश बंद ठेवा, खिडकीचा उजेड बाजूने येऊ द्या. तुमच्या दुसऱ्या फोटोत आडपट्टीच्या आतल्या अंगाला एक बारीक आडवी रेघ आणि तिच्याखाली अधिकाचे चिन्ह असल्यासारखे दिसते. तो ओरखडा आहे की कोणी कोरलेले अक्षर, ते मला त्या उजेडात बघायचे आहे.